शैली, स्वभाव आणि स्टू उंगर

‘शैली म्हणजेच माणूस’ हे ब्यूफाँच्या नावे सांगितले जाणारे सूत्र शैलीविचार शिकवताना आपण हमखास उद्धृत करतो. आणि मग त्याच्याच आधारे लेखकाच्या आयुष्यातील पडझड ही त्याच्या लेखनाची जणू किंमत होती, असे खुशाल सुचवतो. ही सवय तपासून पाहण्यासाठी मी साहित्याबाहेरचे एक उदाहरण घेतो आहे. ते आहे अमेरिकेतील व्यावसायिक पोकरपटू स्टू उंगर याचे.

उंगर १९५३ साली न्यू यॉर्कमध्ये जन्मला. जिन रमीत तो इतका तरबेज झाला की पैसे लावून त्याच्याशी खेळायला कोणी तयार होईना. मग तो पोकरकडे वळला. लास वेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा त्याने १९८० साली डॉयल ब्रन्सनसारख्या मुरलेल्या खेळाडूला हरवून जिंकली, १९८१ साली ती राखली आणि सोळा वर्षांच्या खंडानंतर, १९९७ साली, तिसऱ्यांदा जिंकली. या वेळी १० हजार डॉलरचे प्रवेशशुल्कही त्याच्यासाठी बिली बॅक्स्टर या मित्राने भरले होते. १० लाखांच्या बक्षिसातला निम्मा वाटा अर्थातच त्याचा. पुढच्या वर्षी २२ नोव्हेंबरला वेगासमधील एका मोटेलच्या खोलीत उंगर मृतावस्थेत सापडला. वय ४५. कोकेनने शरीर पोखरले होते आणि हाती आलेला पैसा संपला होता.

यातून जी दंतकथा तयार झाली ती ओळखीची आहे: जसा जगला तसाच खेळला, बेफाम, स्वतःला उधळून देत. मला ही दंतकथा चुकीची वाटते.

त्यासाठी खेळाची रचना पाहावी लागते. नो-लिमिट होल्डेममध्ये प्रत्येकाकडे दोन झाकली पाने असतात आणि मेजावर सर्वांसाठी पाच उघडी पाने येतात. डाव जिंकण्याचे मार्ग दोन: शेवटी आपली पाने सरस ठरणे, किंवा त्याआधीच इतरांनी पाने टाकून देणे. समोरच्याच्या बोलीला नुसती बरोबरी करणाऱ्यापुढे पहिलाच मार्ग उरतो. स्वतः बोली वाढवणाऱ्याला दोन्ही खुले असतात. शिवाय मुख्य स्पर्धेत चिप्स संपल्या की खेळाडू बाद होतो, त्यामुळे बहुतेक जण टिकून राहण्याच्या चिंतेत खेळतात. उंगर नेमक्या या चिंतेवर दाब देत असे. हाती साधारण पाने असतानाही तो बोली वाढवी, कारण समोरच्यालाही पाने साधारणच लागली आहेत हे त्याने ताडलेले असे. ही आक्रमकता म्हणजे एक प्रकारचे वाचन होते.

आता हाच माणूस मेजावरून उठून घोड्यांच्या शर्यतीवर किंवा फाशांवर पैसे लावतो आणि पोकरमध्ये मिळवलेले सारे घालवून बसतो. धाडस तेच, रक्कमही मोठीच. मग फरक कशाचा? घोडा घाबरत नाही. तुम्ही किती पैसे लावलेत हे फाशाला कळत नाही. जिथे वाचायला समोर माणूस नाही, तिथे आक्रमकतेला अर्थच उरत नाही. उरते ती केवळ उधळपट्टी. म्हणजे मेजावरची शैली आणि मेजाबाहेरचा स्वभाव वरून सारखे दिसले तरी ती एक गोष्ट नव्हती.

यावर आक्षेप घेता येईल की पैशाविषयीची ती बेपर्वाईच त्याला मेजावर निर्भय करत होती. आक्षेपात तथ्य आहे. पण निर्भय माणसे वेगासमध्ये ढिगाने होती. समोरच्याच्या मनातले पान ओळखणारी फार थोडी. आणि नशीबही विसरता येत नाही. १९९७ च्या अखेरच्या डावात उंगरकडे एक्का-चौका होता, तर जॉन स्ट्रेम्पकडे एक्का-अठ्ठा. शेवटचे पान उघडेपर्यंत उंगर मागे होता. दुर्री आली आणि एक्का ते पंजा ही क्रमवारी जुळली. दंतकथेला असे योगायोग सोयीचे नसतात.

व्यसनाने त्याच्या खेळाला काय दिले, याचे उत्तर १९९० साली मिळते. मुख्य स्पर्धेत त्याच्याकडे चिप्सचा मोठा साठा होता. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही, हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडला. रिकाम्या खुर्चीपुढच्या चिप्स सक्तीच्या बोलींपायी कमी होत गेल्या, तरी त्याला नववा क्रमांक मिळाला. आदल्या दोन दिवसांतली कमाई इतकी होती. व्यसनाने प्रतिभेला धार आणली, असे म्हणणाऱ्यांनी ती रिकामी खुर्ची डोळ्यांपुढे आणावी.

आपल्या वाङ्मयव्यवहारातही अशा रिकाम्या खुर्च्या आहेत. दारूने किंवा विपन्नावस्थेने अकाली संपलेल्या कवीविषयी बोलताना आपला स्वर नकळत हळवा होतो आणि त्याने शब्दांवर घेतलेली मेहनत बाजूला पडते. वर्गातला एखादा लिहिता मुलगा हे ऐकत असतो. कवितेची कारागिरी शिकायला वर्षे लागतात. कवीची पडझड मात्र त्याला लगेच उचलता येते. ब्यूफाँच्या नावावरचे ते सूत्र सांगताना आपण काय हवाली करतो आहोत, याचा विचार शिकवणाऱ्याने करायला हवा.