पिकअपचा पट्टा घरीच बदला, पण दांडगाई नको

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पिकअप गाड्या भाजीपाला घेऊन मुंबईला जातात. वांद्र्याला कलानगरच्या गर्दीत इंजिनचा पट्टा तुटला तर माल उन्हात अन् आपण रस्त्यात. 2009 साली खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर तर गाडी थांबवायलाही मनाई. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, चिरा पडलेला, कुईकुई करणारा पट्टा निघण्यापूर्वी अंगणातच बदलावा.

नवा पट्टा चढता चढत नाही, ही नेहमीची तक्रार. मग कुणी स्क्रू-ड्रायव्हर खुपसून ओढतो, कुणी इंजिन चालू करून चढवू पाहतो. विहिरीवरच्या ऑईल इंजिनचा सपाट पट्टा फिरत्या चाकावर चढवायची जुनी खोड ती! चरकात बोट घालतो का कुणी?

पट्टा अडतो तो बहुधा ताण सैल न केल्याने. जुन्या गाडीत अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करून तो आत ढकलावा. नव्या गाडीत ताण देणारी पुली पान्याने फिरवून धरावी. इंजिन थंड हवे, बॅटरीची ऋण तार सुटी हवी. जुना पट्टा कसा फिरवला आहे ते काढण्याआधी कागदावर उतरवा. गुळगुळीत पुली शेवटी घ्या. तरीही येईना, तर नंबर अन् लांबी जुन्याशी ताडून पाहा. स्क्रू-ड्रायव्हरने आतले दोर तुटतात, बाहेरून काहीच दिसत नाही.

वाटेत बॅटरीचा लाल दिवा लागला, उष्णतेचा काटा चढला, तर "अजून दोन किलोमीटर" म्हणू नका. तापलेल्या इंजिनची दुरुस्ती टनभर उसाच्या पैशांत होत नाही. अन् उतरवलेला पट्टा धड असेल तर सीटखाली राहू द्या.