वसईचे नाव, वायू कोणाचा?

मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल सापडले आणि दोनच वर्षांनी, १९७६ साली, त्याच्या पूर्वेला समुद्रतळाखाली वायूचे मोठे क्षेत्र हाती आले. त्याला ‘बसीन’ म्हणजे वसईचे नाव दिले गेले. वायू मात्र नळाने गेला सुरतेजवळच्या हजिऱ्याला, आणि तेथून विजयपूर, जगदीशपूरच्या खत कारखान्यांना. यात गैर काही नाही. समुद्रातील संपत्ती घटनेच्या २९७ व्या कलमाने संघराज्याची, म्हणजे साऱ्या जनतेची आहे. ती एकट्या वसईची असावी, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो, जी जनतेची तिचे पुढे काय झाले, हा.

त्याचे उत्तर वसईच्या चुनखडकात नाही, उत्तरेकडील ताप्ती क्षेत्रात आहे. तेथील वायू प्राचीन नद्यांनी त्रिभुज प्रदेशात आणून टाकलेल्या वाळूच्या थरांत साठला आहे. हे थर सलग नसतात. वाळूचा एक पट्टा, मध्ये चिखलाचा जाड पडदा, पलीकडे दुसरा पट्टा. एका विहिरीने एक कप्पा रिता होतो, शेजारचा तसाच राहतो. अशा क्षेत्राचा विकास म्हणजे चिकाटीचे, दीर्घ नियोजनाचे काम. घाईने सोपे कप्पे उपसणाऱ्याला ते मानवत नाही.

हे क्षेत्र शोधले तेल व नैसर्गिक वायू आयोगाने, जनतेच्या पैशाने. जोखीम संपल्यावर, डिसेंबर १९९४ मध्ये, पन्ना-मुक्तासह ताप्ती क्षेत्र एन्रॉन व रिलायन्स यांच्या भागीदारीत दिले गेले. दोघांना ३० टक्के प्रत्येकी, तेल निगमाला ४०. कारण सांगितले गेले ते भांडवलाच्या चणचणीचे. पण ज्याच्या खिशात पैसा नाही म्हणून क्षेत्र काढून घ्यायचे, त्यालाच सर्वांत मोठा भागीदार करायचे, हे अर्थशास्त्र कोणत्या पाठशाळेत शिकवतात? (२००२ साली एन्रॉनचा वाटा ब्रिटिश गॅसने घेतला. एन्रॉनची कीर्ती दाभोळने महाराष्ट्राला पुरेशी कळवली आहे.)

करार असा की, उत्पन्नातून आधी खर्च वसूल करायचा, उरलेला नफा वाटायचा. आणि खर्चाच्या तुलनेत मिळकत जितकी वाढेल, तितका सरकारचा वाटा वाढायचा. ज्याला खर्च फुगवल्याने लाभ होतो, त्याला काटकसर शिकवण्याची ही अजब रीत! खर्चवसुलीच्या मर्यादेवरून २०१० साली सरकार व कंपन्या लवादापुढे गेल्या. ताप्तीचे उत्पादन २०१६ साली थांबले, तीन वर्षांनी, २०१९ साली, कराराची मुदत संपली. वाद मात्र चालूच राहिला. खासगी कार्यक्षमतेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा जमाखर्च एकदा जनतेपुढे मांडावा.

आणि किनाऱ्याचे काय? समुद्रातील प्रत्येक फलाटाभोवती ५०० मीटरचा परिसर निषिद्ध असतो. सर्वेक्षणाची जहाजे आली की अर्नाळा, नायगाव, पाचूबंदरच्या कोळ्यांना जाळी आवरावी लागतात. जमिनीवरच्या विहिरींची रॉयल्टी राज्याला मिळते, सागरी क्षेत्रातली सरळ केंद्राकडे जाते. संपत्ती साऱ्या देशाची असेल, तर तोशीस एकट्या कोळ्याची का? सागरी रॉयल्टीतील ठरावीक हिस्सा किनाऱ्यावरील मच्छीमार सहकारी संस्थांना कायद्याने मिळाला पाहिजे, आणि प्रत्येक उत्पादनवाटप कराराचे लेखापरीक्षित हिशेब संसदेच्या पटलावर आले पाहिजेत. ही मागणी वसई-विरारच्या कार्यकर्त्यांनी प्रथम उचलावी. क्षेत्राला नाव त्यांच्याच गावाचे आहे.