ऑपरेशनच्या आधी विचारायचं राहून गेलं

डायनासोर गार्डनमध्ये संध्याकाळी वॉकला गेलं की पिंपळे गुरवच्या अर्ध्या आयटी पब्लिकची खबरबात कळते. परवा आमच्या सोसायटीतली एक ताई भेटली. हिंजवडीत जॉब, वय छत्तीस. दोन वर्षांपूर्वी ब्रेस्ट कॅन्सर झाला, ऑपरेशनमध्ये पूर्ण स्तन काढला. आता एकदम ठणठणीत. पण म्हणाली, "अगं, तो पुन्हा तयार करता येतो हे मला नंतर कळलं. आधी कुणी बोललंच नाही. मीही नाही विचारलं. जीव वाचतोय, तिथे दिसण्याचं काय घेऊन बसायचं?"

हे 'काय घेऊन बसायचं' मला जाम खटकलं. चेहऱ्यावरचा डाग घालवायला आपण किती पैसे मोजतो!

मुळात दर वेळी पूर्ण स्तन काढावाच लागतो असं नाही. मिलानमध्ये डॉ. उंबेर्तो वेरोनेसींनी लहान गाठ असलेल्या ७०१ बायकांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. २००२ मध्ये निकाल आला: फक्त गाठेचा भाग काढून रेडिएशन घेतलेल्या बायका इतरांइतक्याच जगल्या. त्याच स्तनात गाठ परत येण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं, एवढंच. गाठ काढतानाच उरलेल्या स्तनाला आकार देतात, ती ऑन्कोप्लास्टी. त्यासाठी मुंबई गाठायला नको. पुण्यातल्या प्रशांती कॅन्सर केअर मिशनचे डॉ. सी. बी. कोप्पीकर हेच काम करतात.

पूर्ण काढावा लागलाच, तर सिलिकॉनचं इम्प्लांट किंवा पाठीचा स्नायू, पोटाची चरबी-त्वचा वापरून नवा स्तन घडवतात. रेडिएशन झालं तर इम्प्लांटभोवती आकसून कडकपणा येण्याची शक्यता वाढते. पोटाचं ऑपरेशन लांबलचक, वर आणखी एक व्रण. आणि स्पर्श पहिल्यासारखा जाणवत नाही, हेही खरं. म्हणूनच कॅन्सर सर्जन आणि प्लास्टिक सर्जन, दोघांशी आधीच बोललेलं बरं. नको वाटलं तर नको म्हणा, पण विचारून!

"आणि खर्च? मेडिक्लेम कॉस्मेटिकला पैसे देत नाही," ताई म्हणाली. थांबा! विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या मजकुरात कॉस्मेटिक सर्जरी वगळली आहे, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्याला अपवाद आहे. लिमिट मात्र ज्याच्या त्याच्या पॉलिसीत बघायचं.

ताईनं तिथेच बाकावर बसून मोबाईलवर पॉलिसीची पीडीएफ उघडली. ती ओळ सापडली. "म्हणजे अजूनही करता येईल?" येतं. ऑपरेशननंतर काही वर्षांनीही येतं. तिनं सोमवारची सुट्टी टाकली, कारणाच्या रकान्यात लिहिलं: पर्सनल.