मन शांत करून कुणाला द्यायचं?

'मन रिकामं करा' असा सल्ला देणाऱ्यांनी मराठी नीट ऐकलेली नाही. आपल्याकडे मन रिकामं करत नाहीत, लावतात. अभ्यासात लावतात, कामात लावतात, देवाकडे लावतात. ध्यानही 'लागतं', म्हणजे कुठेतरी जाऊन लागतं. कुठे, हे न सांगता जे विकलं जातंय त्याला ध्यान म्हणणं ही फसवणूक आहे, असं माझं म्हणणं आहे. या फसवणुकीचा फायदा कुणाला होतो, हे मी रोज ज्या इमारतीत बसतो तिथून अगदी स्वच्छ दिसतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, हिंजवडीत. आमच्याकडे दर बुधवारी दुपारी चार वाजता अर्धा तास ऑनलाइन ध्यान असतं. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो, हजेरी मात्र लागते. मागच्या वर्षी आमची नऊ जणांची टीम सहा जणांची झाली. काम तेवढंच राहिलं. रात्रीची ऑन-कॉल पाळी नऊ आठवड्यांनी यायची, ती सहा आठवड्यांनी येऊ लागली. त्याच महिन्यात एचआरनं सगळ्यांना ध्यानाच्या अ‍ॅपचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन दिलं. एक गोड आवाज सांगू लागला, विचार येतील, त्यांना चांगलं-वाईट म्हणू नका, ढगासारखे जाऊ द्या. माझ्या मनात तेव्हा एकच विचार होता : गेलेल्या तिघांचं काम कोण करणार? तोही ढगासारखा गेला. सेशन संपल्यावर मला खरोखर बरं वाटलं.

माझी तक्रार तीच आहे. हे लागू पडतं. तो विचार चुकीचा नव्हता, त्याला उत्तर हवं होतं. उत्तर द्यायची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनीच मला तो सोडून द्यायला शिकवलं.

देवाला वगळून ध्यान करण्याचा हा प्रवास फार जुना नाही. हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन या डॉक्टरनं महर्षी महेश योगींच्या पद्धतीनं ध्यान करणाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९७५ साली 'द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स' हे पुस्तक लिहिलं. शरीर शांत व्हायला ठरावीक मंत्र लागत नाही, कुठलाही शब्द चालतो, असं त्याचं म्हणणं. उदाहरण म्हणून त्यानं 'वन' हा इंग्रजी आकडा सुचवला. १९७९ मध्ये जॉन कबॅट-झिननं मॅसॅच्युसेट्समध्ये रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला. त्याची मुळं बौद्ध होती, पण रुग्णांना धर्म सांगितला जात नव्हता. जुनाट दुखण्यानं पिचलेल्या माणसाला श्वासाकडे बघून आराम पडत असेल, तर मी कोण नावं ठेवणार? २००७ मध्ये गूगलनं आपल्या इंजिनिअरांसाठी असाच एक अभ्यासक्रम सुरू केला. इथे गोष्ट बदलली. दवाखान्यात ध्यान रुग्णासाठी होतं. ऑफिसात ते नक्की कुणासाठी आहे?

यावर आपल्याकडचे अभिमानी लोक लगेच सांगतील की पाश्चात्यांनी आपली विद्या चोरली आणि बिघडवली. त्यांनी जरा आपल्या घरात बघावं. दरवर्षी २१ जूनला भाषणं होतात ती रक्तदाबाची, एकाग्रतेची, मुलांच्या मार्कांची. ओंकाराचा फायदा सांगायचा तो झोपेसाठी. म्हणजे देव गोळीसारखा झाला, जेवणानंतर दोनदा. बेन्सननं निदान देव बाजूला ठेवतोय हे उघड सांगितलं होतं.

आता परंपरा काय म्हणते ते पाहू. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन आवरणं म्हणजे वारा आवरणं. कृष्ण ते नाकारत नाही. मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून ते परत आणायचं, एवढंच काम तो देतो. परत कुठे आणायचं? सहाव्या अध्यायात आत्म्याकडे आणि बाराव्यात थेट 'माझ्याकडे'. या बाराव्या अध्यायात एक क्रम आहे, जो कुठल्याही प्रोग्रामरला चटकन कळेल. मन माझ्यात ठेव. जमत नसेल तर सराव कर. तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. तेही नाही जमलं तर कर्माचं फळ सोड. एक पर्याय फेल झाला की पुढचा, पण प्रत्येक पर्यायाचा पत्ता तोच राहतो.

अप्रेझलच्या दिवसांत नेमकी शेवटची पायरी ऐकवली जाते. फळाची अपेक्षा ठेवू नका म्हणे! अहो, फळ सोडायचं ते त्याच्या आश्रयाला राहून. माझं सोडलेलं फळ कंपनीच्या नफ्यात जमा व्हावं, असं कृष्णानं कुठेही म्हटलेलं नाही.

पतंजलीचा दाखला माझ्याविरुद्ध देता येतो, तो मीच देतो. योगसूत्रांत ईश्वरप्रणिधान, म्हणजे स्वतःला ईश्वरावर सोपवणं, येतं ते 'वा' या शब्दासह. म्हणजे हा एक पर्याय आहे. पुढे तर जे आवडेल त्यावर ध्यान करा अशी मुभाही आहे. मग देव ऐच्छिकच झाला ना? झाला. पण त्याच पतंजलीच्या आठ अंगांत ध्यान सातव्या क्रमांकावर आहे आणि पहिलं अंग आहे यम : अहिंसा, सत्य, चोरी न करणं, ब्रह्मचर्य, साठा न करणं. अ‍ॅप सरळ सातव्या अंगावर उघडतं. पहिल्यापासून सुरुवात केली असती, तर ध्यानाच्या वर्गात पहिला प्रश्न दुसऱ्याचा वेळ कोण चोरतंय हा आला असता. ते सबस्क्रिप्शन मग कुठल्या एचआरनं घेतलं असतं?

मन देवाकडे लावल्यानं काय होतं, याचं मी जवळून पाहिलेलं उदाहरण माझ्या आत्याचं आहे. ती सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात राहते. गोंदवलेकर महाराजांना मानणारी. रोज दुपारी चौकटीच्या वहीत रामनाम लिहिते, एका चौकटीत एकदा. काही वर्षांपूर्वी तिचा हात अडायला लागला. लिहायला बसली की धाकट्या जावेचा चेहरा समोर यायचा. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा जावेच्या वाट्याचा तांब्याचा बंब आत्याच्या मोरीतच राहिला होता आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं. महिनाभर तिनं ते सोसलं. मग एके दिवशी बंब चिंचेनं घासून लखलखीत केला आणि जावेच्या दारात नेऊन ठेवला. मला म्हणाली, "अरे, त्याच्यापुढं बसायचं तर हात मोकळे नकोत का?"

अ‍ॅपनं तिला काय सांगितलं असतं? जावेचा विचार आला, येऊ द्या, जाऊ द्या. बंब मोरीतच राहिला असता. नुसतं मन शांत केलं की आपण आहे ते सहन करू लागतो. ते कुणापुढे तरी नेऊन ठेवायचं असलं, की आधी ते तपासावं लागतं. देवाकडे लावलेल्या मनाला हिशेब द्यावा लागतो, आणि तो हिशेब बॉसच्या हातात नसतो, आपल्याही सोयीचा नसतो. मला हा फरक जिवाचा वाटतो.

मग नामजपाची अ‍ॅप्स तरी बरी का? तिथे देव आहे, पण त्याच्या शेजारी स्ट्रीकही आहे. एकवीस दिवस सलग झाले, बॅज मिळाला. मोजण्याला माझा विरोध नाही. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी जप केला, असं परंपरा सांगते. भागाकार केला तर दिवसाला जवळपास तीस हजार होतात. पण माळेतला मणी मनाला धरून ठेवायला असतो, लोकांना दाखवायला नाही. नारद भक्तिसूत्रांत भक्तीची एक खूण सांगितली आहे : त्याचा विसर पडला तर जीव व्याकूळ होतो. आपला जीव स्ट्रीक तुटल्यावर व्याकूळ होत असेल, तर मन कुठे लागलं आहे ते उघड आहे.

सगळ्यात जड आक्षेप शेवटी घेतो. मन देवाकडे लावणारी माणसं मुकाट होतात, अन्यायाला नशीब म्हणतात, मग तुझ्या देवात आणि त्या अ‍ॅपमध्ये फरक काय? आक्षेप खरा आहे. नामात रंगलेल्या गोरा कुंभारांच्या पायाखाली त्यांचं तान्हं मूल चिखलात तुडवलं गेलं, ही कथा आपण कौतुकानं सांगतो. मला ती नेहमी इशाऱ्यासारखी वाटते. पण याच संतमंडळीत चोखामेळा आहेत. त्यांचं सगळं मन विठ्ठलाकडे होतं आणि देवळात मात्र प्रवेश नव्हता. ते गप्प बसले नाहीत. विटाळ कुठून आला, तो कुणाला नाही, असं त्यांनी अभंगांतून विचारलं. दार तेवढ्यानं उघडलं नाही, हेही तितकंच खरं. चोखोबा १३३८ मध्ये गेले. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हायला १९४७ साल उजाडलं आणि त्यासाठी साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावं लागलं. गुरुजी देव मानणारे होते. त्यांचं मन विठ्ठलाकडे लागलं होतं म्हणूनच त्यांना ते बंद दार सहन झालं नाही.

मी आस्तिक आहे का? दर आठवड्याला माझं उत्तर बदलतं. तरीही सकाळी कंपनीच्या बसमध्ये मी वीस मिनिटं डोळे मिटून नाव घेतो, श्वास मोजत नाही. तुम्हाला देव नको असेल तर नका घेऊ. मात्र मन कुणाच्या हवाली करताय, हे विचारल्याशिवाय ते शांत करून देऊ नका. आज रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दहा मिनिटं बसा. मन पळेल, पळू द्या, परत आणा. ते पुन्हा पुन्हा एकाच माणसाकडे, एकाच न दिलेल्या उत्तराकडे जात असेल, तर त्याला ढग म्हणू नका. उद्या त्या माणसाशी बोला. मग परत बसा.