जांभळाची वाईन : औषध नव्हे, मद्यच!

मृगाच्या सुमारास बाजारात जांभळांच्या पाट्या दिसू लागतात आणि दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, जांभळाची वाईन साखरेला चांगली ना?’ विचारणारे बहुधा शिकलेसवरलेले, पन्नाशीच्या पुढचे आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणारे असतात. बाटली विकतची नसते. कुणी ओळखीच्यांनी दिलेली असते, कुणी घरीच रस, साखर आणि यीस्ट बरणीत घालून केलेली असते. ‘घरचीच आहे, भेसळ नाही,’ असेही आवर्जून सांगितले जाते. या ‘घरचीच’ शब्दावर आपण जो भाबडा विश्वास टाकतो, तो किती योग्य आहे, हे आज पाहू.

बरणीत नेमके काय होते?

फळाचा रस ठेवला की आंबतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. तो का आंबतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले. यीस्टच्या सूक्ष्म पेशी रसातील साखर खातात आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू बनवतात. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होते. नुसत्या जांभळाच्या रसातील साखर पुरत नाही, म्हणून घरी करताना वरून साखर घालतात. रसातली आणि वरची मिळून लिटरला २०० ग्रॅम साखर झाली आणि ती सगळी आंबली, तर वाईन सुमारे १२ टक्क्यांची होते.

आता पुढचा हिशेब करा. आपल्या घरातला पाण्याचा पेला साधारण २०० मिलीलिटरचा. तेवढ्या वाईनमध्ये २४ मिलीलिटर शुद्ध अल्कोहोल जाते. आपल्याकडील व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते. तिच्या ३० मिलीलिटरच्या छोट्या पेगात ते १३ मिलीलिटरच्या आत असते. म्हणजे ‘जेवणापूर्वी पेलाभर जांभळाची वाईन’ घेणारे गृहस्थ जवळजवळ दोन पेग घेत असतात. एरवी दारूच्या दुकानाची पायरी न चढणारा माणूसही ‘औषध’ म्हणून हे रोज घेतो आणि घरातले कुणी त्याला अडवत नाही. माझा खरा आक्षेप आहे तो यालाच.

मधुमेह्यांनी हे जरूर वाचावे

‘साखर तर यीस्टने खाल्ली, मग वाईन मधुमेहाला वाईट कशी?’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण साखरेच्या जागी जे आले, त्याचे काय? दोन जेवणांच्या मधल्या काळात रक्तातील साखर टिकवण्याचे काम आपले यकृत करते. पोटात अल्कोहोल गेले की यकृत आधी त्याच्या मागे लागते आणि साखर पुरवण्याचे काम मंदावते. निरोगी माणसाचे यातून निभावते. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी वाईन घेतली, तर त्याची साखर एकाएकी घसरू शकते. बरेचदा ती काही तासांनी, मध्यरात्री घसरते.

याहून मोठा धोका पुढे आहे. साखर उतरलेल्या माणसाला घाम येतो, हातपाय कापतात, बोलणे अडखळते, तो असंबद्ध बडबडतो. तोंडाला वाईनचा वास असेल तर घरच्यांना वाटते, ‘जरा जास्त झाली, झोपू दे.’ या झोपेतच रुग्ण बेशुद्धीत जाऊ शकतो. अशा वेळी ग्लुकोमीटरवर साखर तपासावी. तो नसेल आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर ताबडतोब साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ रुग्णालय गाठावे.

जांभळाच्या बियांचे चूर्ण मधुमेहावर वापरण्याची परंपरा आयुर्वेदात आहे, हे खरे. पण बियांचे चूर्ण आणि गराचे मद्य या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकीची पुण्याई दुसरीच्या खात्यावर जमा करता येत नाही.

काही जण द्राक्षासवाचा दाखला देतात. तेही आंबवूनच तयार होते आणि त्यातही अल्कोहोल असते, हे मान्य. परंतु त्याचे प्रमाण बाटलीवर छापलेले असते आणि मात्रा असते दोन-चार चमच्यांची, तीही पाण्यातून. पेला भरून द्राक्षासव पिणारा मला अजून भेटलेला नाही. शिवाय मधुमेह्याने तेही वैद्यांना विचारूनच घ्यावे.

भीती कशाची बाळगावी?

घरच्या वाईनने डोळे जातात, अशीही एक समजूत आहे. मुंबईत मालवणी येथे २०१५ साली विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, ते मिथेनॉलमुळे. फळ आंबवताना मिथेनॉल तयार होते खरे, पण अगदी थोडे. साध्या वाईनमध्ये त्याची विषबाधा होण्याइतके नसते. घरी भट्टी लावून दारू गाळण्याच्या फंदात मात्र कुणी पडू नये.

खरे धोके अधिक साधे आहेत. आंबणे पुरते थांबण्याआधी बाटलीला घट्ट बूच मारले, तर आत वायू कोंडतो आणि काचेची बाटली फुटते. उडालेल्या काचा डोळ्यांत जाऊ शकतात. तांब्या-पितळेच्या किंवा कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट रस ठेवला तर तो कळकतो आणि त्यातून उलट्या-जुलाब होतात. शोभेच्या मातीच्या बरण्यांच्या चकाकीत शिसे असू शकते व आंबट पदार्थात ते उतरते. रस टिकावा म्हणून काही जण पोटॅशियम मेटाबायसल्फाइट अंदाजाने टाकतात. त्याने दमेकऱ्याला धाप लागू शकते. गर्भवतीने आणि यकृताच्या रुग्णाने वाईनपासून दूरच राहावे. मेट्रोनिडॅझोलसारखे औषध चालू असतानाही ती टाळावी.

कायदाही लक्षात ठेवावा. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरापुरती वाईन व बिअर करण्याची मुभा दिली. तिकडच्या मुला-नातवंडांकडून कृती इकडे येते, पण ती मुभा सोबत येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे.

‘पण वाईन हृदयाला चांगली म्हणतात!’

हे म्हणणे १९९१-९२ च्या सुमारास जगभर पसरले. फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही त्यांच्यात हृदयविकार कमी, कारण ते तांबडी वाईन पितात, असा तर्क तेव्हा मांडला गेला. पुढे अशा पाहण्यांतील उणिवा दिसू लागल्या. बेताने पिणारे लोक बहुधा सुस्थितीतले, चांगले खाणारे आणि चालते-फिरते होते, तर ‘न पिणाऱ्यां’त आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले होते. अल्कोहोलने कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये तर अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे संघटनेने स्पष्ट केले. बाटली घरची की कारखान्यातली, याने त्यात फरक पडत नाही.

वसईच्या ख्रिस्ती घरांत आणि गोव्यात नाताळला घरची वाईन करण्याची जुनी रीत आहे. तिथे ती सणाचे पेय म्हणून छोट्या पेल्यातून पाहुण्यांपुढे येते. ती मद्य आहे, हे देणाराही जाणतो आणि घेणाराही. आपण मात्र त्याच मद्यावर ‘औषध’ अशी चिठ्ठी डकवतो आणि मग मात्रा, पथ्य, धोका सारेच विसरतो. सर्दीत लहान मुलाला चमचाभर ब्रँडी पाजणे हा याच विचाराचा दुसरा नमुना. तीही बंद झाली पाहिजे.

तेव्हा मधुमेही वाचकहो, या मोसमात जांभूळ फळ म्हणूनच खा. मूठभर, धुऊन, चावून खा. त्यातला चोथाही पोटात जाऊ द्या. गोळ्या वेळेवर घ्या आणि रोज अर्धा तास चाला. कुणी प्रेमाने घरच्या वाईनची बाटली पुढे केलीच, तर प्रेम स्वीकारा आणि बाटली परत करा. त्यातूनही कुणी घेणारच असेल, तर त्याने निदान आपल्या डॉक्टरांपासून ते लपवू नये. ‘दारू घेता का?’ या प्रश्नाला ‘नाही, फक्त घरची वाईन’ हे उत्तर ‘हो’ असेच समजावे लागते.