छापील मायलेज आणि रायपूरचा मे महिना

अडीच टन वजनाच्या आलिशान एसयूव्हीचा छापील मायलेज नियमानुसारच मोजलेला असतो. तरी ग्राहकाला तो अपुरा पडतो. आजवरचे भारतीय चाचणीचक्र सुमारे 20 मिनिटांचे आहे. त्यात रोलरवरील गाडीचा वेग ताशी 90 किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि एसी बंद असतो. मे महिन्यात पारा 44 अंशांवर पोहोचतो तेव्हा रायपूरमध्ये एसी बंद ठेवून कोण गाडी चालवतो?

यामागील भौतिकी सरळ आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या अशा गाडीची गतिज ऊर्जा सुमारे 350 किलोज्यूल असते. सिग्नलला ब्रेक दाबला की तिची उष्णता होते. इंजिनाची कार्यक्षमता 30 टक्के धरली, तर तोच वेग पुन्हा गाठण्यास सुमारे 32 मिलिलिटर डिझेल लागते. तीसेक थांब्यांत एक लिटर संपते. निम्म्या वजनाच्या गाडीला यासाठी निम्मेच इंधन पुरते. नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर खरा अडसर हवेचा असतो. वेग 80 वरून 100 वर नेला की तिचा रोध दीडपटीहून अधिक होतो.

युरोपात 2021 पासून नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष इंधनवापर नोंदवणारी यंत्रणा बंधनकारक आहे. तेथे हा वापर प्रमाणित आकड्यापेक्षा सरासरी सुमारे 20 टक्के अधिक आढळला. भारतातही अशी नोंद सक्तीची व्हावी आणि ती जनतेसाठी खुली असावी. कारण कंपन्यांवरील कार्बन उत्सर्जनाची मर्यादाही प्रयोगशाळेतील आकड्यांवरूनच तपासली जाते. तोवर विद्यार्थ्यांनी टाकी काठोकाठ भरून, किलोमीटर नोंदवून, पुन्हा भरताना लागलेल्या लिटरने भागाकार करावा. हा प्रयोग कोणत्याही पंपावर करता येतो.