शेतशिवार : मिनी ट्रॅक्टरसाठी ट्रॉली निवडताना



यंदा दिवाळीत आमच्या घरी फराळापेक्षा जास्त चर्चा झाली ती ट्रॉलीची. आमची जमीन एका जागी नाही. थोडी येळ्ळूरच्या शिवारात, थोडी खानापूर तालुक्यात आणि आईच्या माहेरची सीमेपलीकडे चंदगडात. भावकीतल्या चौघांनी मिळून मिनी ट्रॅक्टर घेतलाय. पण तो स्वतःच्या चाकांवर एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचा म्हणजे अर्धा दिवस रस्त्यातच जातो, आणि डांबरावर टायर झिजतात ते वेगळंच. म्हणून मोठ्या ट्रॅक्टरमागे जोडायची एक ट्रॉली हवी होती.

दादाचं म्हणणं, "उसाची जुनी ट्रॉली स्वस्तात मिळतेय, ती घेऊया. बांधाला लावली की ट्रॅक्टर आपोआप आत." बोलणं खोटं नव्हतं. आपल्याकडे सगळे तसंच करतात. पण चढवताना बांध मिळाला तरी उतरवताना तो मिळेलच असं नाही, आणि पावसात ओला बांध खचतो. शिवाय हे काम करणार आमचा एकोणीस वर्षांचा पुतण्या. त्यामुळे मी वहीपेन्सिल घेऊन बसलो.

पहिला हिशेब वजनाचा. पंधरा-वीस अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर अवजाराशिवाय साधारण 600 ते 900 किलो भरतो. मागे लहान रोटाव्हेटर असला की आणखी 150 ते 200 किलो. डिझेलचा कॅन, फळी, सटरफटर धरलं तरी सव्वा टनाच्या आसपास. दीड-दोन टन पेलणारी ट्रॉली याला पुरते. उसाची अवजड ट्रॉली म्हणजे रिकामं लोखंड ओढण्यातच डिझेल जाळणं.

दुसरा हिशेब उंचीचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून साडेतीन फूट उंच आणि फळ्या सहा फुटांच्या, तर चढ जवळजवळ 36 अंशांचा होतो. तळ अडीच फुटांवर आणला आणि फळ्या आठ फुटांच्या घेतल्या, तर तोच चढ 18 अंशांवर येतो. ट्रॅक्टरचं वजन मागच्या चाकांवर असतं. तोंड पुढे करून खड्या चढावर घातला की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटू शकतो. म्हणून चढवताना रिव्हर्समध्ये चढवायचा, उतरवताना तोंड पुढे करून उतरवायचा. फळ्या लाकडाच्या नकोत. लोखंडी हव्यात, खडबडीत पत्र्याच्या, आणि वरच्या टोकाला ट्रॉलीत अडकणारा हुक असलेल्या. नाहीतर चाक चढताना फळीच मागे सरकते.

चढवण्याआधी ट्रॉली मोठ्या ट्रॅक्टरला जोडलेली हवी आणि चाकांना उटी लावलेली हवी. दोन चाकांची ट्रॉली मोकळी ठेवून मागून वजन चढवलं, तर पुढची दांडी क्षणात वर उडते.

वजन ठेवायचं कुठे, तेही बघा. सगळं वजन एक्सलच्या मागे गेलं, तर ओढणाऱ्या ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होऊन पकड जाते. फार पुढे आलं, तर दांडीवर भार पडून त्याची पुढची चाकं उचलतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. मिनी ट्रॅक्टर असा उभा करावा की भार एक्सलच्या किंचित पुढे राहील. मागेपुढे सरकवायला जागा हवी, म्हणून तळ बारा फूट लांब घ्यावा.

बांधायला नायलॉनची दोरी चालणार नाही. चारही कोपऱ्यांत तळाला वेल्डिंग केलेल्या कड्या असाव्यात. साखळ्या चेसिसला किंवा एक्सलला घालून ताणाव्यात, स्टेअरिंगच्या रॉडला कधीच नाही. गिअर टाकलेला, हँडब्रेक ओढलेला आणि रोटाव्हेटर तळाला टेकवलेला हवा.

बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर मागचं वजन पुढच्या ट्रॅक्टरला ढकलत राहतं. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, आणि रस्त्यावर असताना डावा-उजवा ब्रेक जोडणारी पट्टी लावलेलीच हवी. एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर आडवा होतो.

आता कागद. ट्रॉलीचंही स्वतंत्र पासिंग लागतं आणि तिला वेगळा नंबर मिळतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबरही ट्रॉलीवर दिसावा लागतो. ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीचा समावेश आहे का, ते पॉलिसी उघडून वाचा. शेतीसाठी नोंदलेली ट्रॉली भाड्याने फिरवली आणि अपघात झाला, तर भरपाई अडते. आपल्या भागात शिनोळीपाशीच राज्य बदलतं, तेव्हा कागद सोबतच असू द्या.

शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त. उसाच्या हंगामात रात्री रस्त्याकडेला उभी असलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली आपण सगळ्यांनीच पाहिलीय. दुचाकीवाल्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. मागे लाल, पुढे पांढरी परावर्तक पट्टी आणि चालू टेललाइट यांचा खर्च ट्रॉलीच्या किमतीपुढे काहीच नाही.

वर्कशॉपवाल्याकडे जाताना टेप सोबत न्या. तळाची उंची, फळीची लांबी आणि एक्सलची जागा स्वतः मोजा. रंग कोणता द्यायचा, ते नंतर ठरवता येतं.